फार्सवाला मोलिएर

२४ ऑक्टोबर १६५८. पॅरिसच्या लुव्र राजवाड्यातील पहारेकऱ्यांच्या दालनात तात्पुरता रंगमंच उभारला होता. समोर वीस वर्षांचा राजा चौदावा लुई, राजमाता आणि दरबारी मंडळी. ओतेल द बुर्गोन्य या राजधानीतील सर्वांत प्रतिष्ठित नाट्यगृहाचे नटही प्रेक्षकांत होते. तेरा वर्षे गावोगावी फिरून आलेल्या एका नाटक मंडळीने त्या संध्याकाळी कोर्नेय या ज्येष्ठ नाटककाराचे ‘निकोमेद’ हे गंभीर नाटक सादर केले. प्रयोग पडला नाही, पण रंगलाही नाही. बुर्गोन्यच्या नटांची घनगंभीर, पल्लेदार भाषणे ऐकण्याची सवय असलेल्या दरबाराला या पाहुण्या मंडळीत विशेष काही दिसले नाही. प्रयोग संपल्यावर मंडळीचा प्रमुख पुढे आला. त्याने राजाचे आभार मानले, बुर्गोन्यच्या नटांची अदबीने स्तुती केली आणि परगण्यांतील लोकांना हसविणारा एक छोटासा खेळ दाखविण्याची परवानगी मागितली. ‘प्रेमात पडलेला पंडित’ अशा अर्थाचे नाव असलेला तो एक फार्स होता. त्याची संहिता आज उपलब्ध नाही. राजा मात्र मनमुराद हसला, आणि त्या हसण्यातून मंडळीला पॅरिसमध्ये पाय रोवायला जागा मिळाली.

या प्रमुखाचे नाव मोलिएर. वय ३६. शोकांतिकेतला नायक म्हणून नाव कमवावे, ही त्याची तरुणपणापासूनची आस होती. मिन्यार या चित्रकाराने काढलेले त्याचे एक चित्र आहे. त्यात तो कोर्नेयच्याच दुसऱ्या एका नाटकातील सीझरच्या वेशात, डोक्यावर पानांचा मुकुट घालून बसलेला दिसतो. राजाने त्याला पसंत केले ते या सीझरसाठी नव्हे. पुढची पंधरा वर्षे फार्स या शब्दाने त्याला अन्न दिले, घर दिले, राजाश्रय दिला आणि त्याच शब्दाने त्याच्या शत्रूंना हातात आयता दगडही दिला.

फार्स हा शब्द मराठीला परका राहिलेला नाही. वृत्तपत्रांत तो वरचेवर भेटतो. चौकशीचा फार्स होतो, सुनावणीचा फार्स होतो, ठराविक सभासदांच्या गराड्यात वार्षिक सभेचा फार्स उरकला जातो. निकाल आधीच ठरलेला आणि सोपस्कार मात्र साग्रसंगीत, असा त्याचा अर्थ. नाट्यगृहात शिरले की याच शब्दाचा चेहरा बदलतो. तिथे बंद होणारी आणि नेमकी नको तेव्हा उघडणारी दारे असतात, एकाला दुसरा समजण्याचे घोटाळे असतात, कपाटात दडलेली माणसे असतात. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या नाटकांनी मराठी प्रेक्षकांना या अर्थाची गोडी लावली. त्याच्याही कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, पौराणिक नाटकाचा खेळ संपल्यावर शेवटी एक फार्स करण्याची प्रथा आपल्याकडील नाटक मंडळ्यांत रुळली होती. संस्कृत नाट्यशास्त्रातील प्रहसन हा शब्द घरात असताना पाहुणा फार्स टिकून राहिला, याचे कारण बहुधा त्याचे हे दुहेरी रूप असावे. प्रहसनात चौकशी समितीला बसवता येत नाही.

शब्दाचे मूळ मात्र ना कचेरीत आहे ना नाट्यगृहात. ते स्वयंपाकघरात आहे. लॅटिनमधील ठासून भरणे या अर्थाच्या क्रियापदावरून फ्रेंचमध्ये फार्स आला, आणि फ्रेंच घरांत आजही तो सारणाला वापरतात. कोंबडीच्या पोटात किंवा टोमॅटोत भरतात ते सारण. आपल्याकडे भरल्या वांग्यात असते तसे. मध्ययुगात चर्चमधील प्रार्थनांच्या ठरलेल्या लॅटिन ओळींमध्ये जादा शब्द भरले जाऊ लागले तेव्हा त्या भरणीलाही हेच नाव मिळाले. मग बायबलमधील कथांवर तासन्तास चालणाऱ्या धार्मिक नाटकांच्या मध्ये लोक पेंगू नयेत म्हणून विनोदी प्रवेश भरले गेले. पंधराव्या शतकापर्यंत हे सारण करंजीतून बाहेर पडून स्वतंत्र पदार्थ झाले होते. कापडाच्या व्यापाऱ्याला गंडवणारा आणि शेवटी एका मेंढपाळाकडून स्वतःच गंडला जाणारा वकील पातलँ हा त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या फार्सचा नायक.

मोलिएरचे घराणे भरणीच्या धंद्यातलेच होते, हा योगायोग. त्याचे खरे नाव जाँ-बातिस्त पोकलँ. १५ जानेवारी १६२२ रोजी पॅरिसच्या सँत-उस्ताश चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वडिलांचा व्यवसाय गाद्या, पडदे, भरलेल्या खुर्च्या आणि भिंतींवरचे जाड पट तयार करून घरे सजविण्याचा. १६३१मध्ये त्यांनी राजवाड्यातील याच कामाचे मानाचे पद मिळविले. राजाच्या पलंगाची व्यवस्था पाहणे हे त्या पदाचे काम, आणि ते बापाकडून मुलाकडे जाणारे. आई तो दहा वर्षांचा असताना वारली. जेझुइटांच्या क्लेरमाँ महाविद्यालयात सरदारपुत्रांच्या सहवासात त्याचे शिक्षण झाले. लॅटिन नाटककारांची ओळख तिथली. १६३७मध्ये वडिलांच्या पदाचा वारस म्हणून त्याने शपथही घेतली. पुढचे सगळे आयुष्य आखून दिलेले होते.

त्याचे आजोबा त्याला बुर्गोन्यच्या नाट्यगृहात नेत असत, असे म्हणतात. त्याच्या आयुष्यातील अशा बऱ्याच हकिकती १७०५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रिमारेस्तच्या चरित्रातून आल्या आहेत, आणि त्या चरित्रावर किती विसंबावे हा जुना वाद आहे. मोलिएरच्या नाटकांची हस्तलिखिते किंवा त्याची खासगी पत्रे उरलेली नाहीत. दस्तऐवजांवरच्या सह्या तेवढ्या उरल्या आहेत. पण त्याच्या बालपणीच्या पॅरिसमध्ये फार्सचे दिवस भरात होते, एवढे निश्चित. बुर्गोन्यमध्ये ग्रो-गियोम, गोतिए-गार्गुय आणि त्युर्ल्युपँ हे त्रिकूट लोकांना पोट धरून हसवत असे. नव्या पुलावर ताबारँ एका औषधविक्याच्या धंद्याला गर्दी जमावी म्हणून खेळ करी. मुलगा मोठा होईपर्यंत हे त्रिकूट संपले. सुसंस्कृत पॅरिसची अभिरुची बदलली, आणि पिठाने चेहरा पांढरा केलेल्या विदूषकांची जागा राजेराण्यांच्या व्यथांनी घेतली.

जानेवारी १६४३मध्ये या मुलाने वारसाहक्काचे पद सोडले, आईच्या मिळकतीतील ६३० लिव्र वडिलांकडून घेतले आणि सहा महिन्यांत मादलेन बेजार या नटीच्या कुटुंबासह ‘इलुस्त्र थिआत्र’ म्हणजे नामांकित नाट्यमंडळी या भारदस्त नावाची संस्था काढली. पुढच्या वर्षी त्याने मोलिएर हे नाव घेतले. ते का घेतले, हे त्याने कोणालाही सांगितले नाही. चेंडूफळीच्या मोकळ्या पडलेल्या लांबट इमारती भाड्याने घेऊन मंडळीने शोकांतिका लावल्या. नाव नामांकित असले तरी प्रेक्षक येईनात. मेणबत्त्यांचे पैसे थकले, कापडाचे थकले, आणि ऑगस्ट १६४५मध्ये मोलिएरची रवानगी कर्जापायी शातले तुरुंगात झाली. काही दिवसांत सुटका झाली. वडिलांनीही नंतर कर्ज फेडण्यास हातभार लावला. बापलेकांत काय बोलणे झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

मग सुरू झाली ती भटकंती. नांत, तुलूझ, लियों, ग्रनोब्ल, पेझनास अशी गावे, एका सरदाराकडून दुसऱ्याकडे बदलणारा आश्रय, बैलगाड्यांतून आणि नावांतून वाहिलेले सामान. दक्षिणेत राजकुमार कोंती याने १६५३च्या सुमारास मंडळीला आपले नाव दिले आणि काही वर्षांत परमार्थाचा मार्ग धरल्यावर ते काढूनही घेतले. पुढे याच कोंतीने नाटकांच्या विरोधात ग्रंथ लिहिला. परगण्यांत मोलिएरला दोन धडे मिळाले. एक म्हणजे पाच अंकांच्या गंभीर नाटकाने दमलेला प्रेक्षक शेवटी एका अंकाच्या फार्सने ताजातवाना होतो आणि पुढच्या खेळालाही येतो. दुसरा धडा इटालियन नटमंडळ्यांकडून मिळाला. मुखवट्यांची ठरावीक पात्रे, आधी न लिहिलेले संवाद, उड्या, मारामाऱ्या, आणि शरीराच्या एका हालचालीत अर्धे पान भाषण सांगण्याची कला. लियोंमध्ये त्याने पहिले पाच अंकी विनोदी नाटक लावले. त्याबरोबर लिहिलेल्या अनेक लहान फार्सपैकी दोन आज त्याच्या नावावर सांगितले जातात. एकात पिठाने माखलेल्या तोंडाचा संशयी नवरा आहे, दुसऱ्यात खिडकीतून ये-जा करणारा तोतया वैद्य. नवरा आणि वैद्य. मोलिएरला आयुष्यभर पुरलेली ही दोन माणसे.

लुव्रमधील त्या संध्याकाळनंतर राजाने मंडळीला पेती-बूर्बों नाट्यगृह दिले, तेही वाटणीत. तिथे आधीपासून तिबेरिओ फिओरिल्ली या थोर इटालियन विदूषकाची मंडळी खेळत होती. आठवड्यातले चांगले दिवस तिच्याकडे राहिले, मोलिएरने उरलेले दिवस घेतले आणि त्यापोटी १५०० लिव्र मोजले. पैसे गेले, पण रोज शेजारी बसून फिओरिल्लीचे काम पाहायला मिळाले. त्याच्या विरोधकांनी पुढे आरशासमोर बसून फिओरिल्लीकडून तोंडे वेंगाडण्याची शिकवणी घेणाऱ्या मोलिएरचे चित्रच छापले. चित्र कुत्सित होते. मजकूर बराचसा खरा असावा.

१८ नोव्हेंबर १६५९ रोजी आलेल्या ‘प्रेसिअझ रिदिक्युल’ या एका अंकाने पॅरिस हादरले. खेड्यातून आलेल्या दोन मुली शहरी दिवाणखान्यांतील नटवी भाषा बोलू पाहतात आणि सरदारांच्या वेशातील नोकरांना भुलतात, एवढीच गोष्ट. पीठ फासून काम करणारा, आता म्हातारा झालेला जोदले हा फार्सनट मोलिएरने मुद्दाम मंडळीत आणला होता. सारा सांगाडा फार्सचा. पण त्यात भरलेले सारण त्या आठवड्यातील पॅरिसचे होते. मध्ये काही दिवस खंड पडून खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा तिकिटाचे दर वाढवलेले होते.

पुढच्या वर्षी, २८ मे १६६० रोजी, ‘स्गानारेल’ आले. या एकांकी फार्सपाशी मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण तो त्याच्या ओळखीचा आहे. एका तरुणीला मूर्च्छा येते, रस्त्यावरचा एक गृहस्थ तिला सावरतो, त्याची बायको ते लांबून पाहते आणि नको तो अर्थ काढते. तरुणीच्या हातून पडलेली प्रियकराची तसबीर त्या बायकोला सापडते; ती न्याहाळताना नवरा तिला पाहतो आणि तोही नको तो अर्थ काढतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या फाल्गुनराव आणि कृत्तिकेची ही मूळ कुंडली. मोलिएरच्या या कल्पनेवरून आर्थर मर्फीने १७६१मध्ये ‘ऑल इन द राँग’ हे इंग्रजी नाटक रचले. त्यावरून देवलांनी १८९३मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले, आणि पदांची जोड मिळाल्यावर तेच १९१६मध्ये गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून आले. देवल मात्र त्याच वर्षीच्या जूनमध्ये निवर्तले होते. पॅरिसच्या पेती-बूर्बोंमधून निघालेली एक तसबीर लंडनमार्गे अडीचशे वर्षांनी मराठी रंगभूमीवर पोहोचली, आणि कोणालाही ती परदेशी वाटली नाही.

फ्रान्समध्ये स्गानारेलची भूमिका मोलिएर स्वतः करी. हे नाव त्याने पुढे अनेक नाटकांत वापरले. प्रत्येक वेळी माणूस निराळा: कधी नवरा, कधी बाप, कधी नोकर. भित्रेपणा आणि बढाई मात्र तीच. त्याच वर्षी भाऊ वारल्याने वडिलांचे राजवाड्यातील पद त्याच्याकडे परत आले. सोडून दिलेले पद त्याने या वेळी नाकारले नाही. त्यामुळे वर्षातील काही काळ पॅरिसचा सर्वांत लोकप्रिय नट राजाच्या पलंगाची व्यवस्था पाहू लागला.

सीझर होण्याची हौस अजून फिटलेली नव्हती. ऑक्टोबर १६६०मध्ये लुव्रच्या विस्तारासाठी पेती-बूर्बों पाडले गेले आणि मंडळी पाले-रोयाल नाट्यगृहात गेली. तिथे फेब्रुवारी १६६१मध्ये मोलिएरने ‘दों गार्सी’ हे उदात्त शैलीतील नाटक लावले आणि मत्सराने पोळलेल्या राजपुत्राची भूमिका स्वतः केली. स्गानारेलच्या मत्सराला हसणारे लोक राजपुत्राच्या मत्सराने हलले नाहीत. नाटक कोसळले. त्याने ते छापलेही नाही. त्यातल्या ओळी मात्र वाया न घालवता पुढच्या नाटकांत वापरल्या. यानंतर शोकनायक होण्याचा प्रयत्न त्याने सोडला.

त्याऐवजी त्याने जे केले त्याला त्या काळी नाव नव्हते. फार्सचा सांगाडा तसाच ठेवून त्यात तो अशा गोष्टी भरू लागला, ज्या तोवर शोकांतिकेची किंवा प्रवचनाची मिरास समजल्या जात. डिसेंबर १६६२मधील ‘एकोल दे फाम’मध्ये स्वतःसाठी अडाणी बायको घडवू पाहणारा प्रौढ आहे, विषय मुलींच्या शिक्षणाचा आणि पुरुषी मालकीहक्काचा. त्याच वर्षी चाळिशीतल्या मोलिएरने विशीतल्या आर्मांद बेजारशी लग्न केले होते. आर्मांद ही मादलेनची बहीण की मुलगी, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. नाटक तुफान चालले आणि वर्षभर भांडण पेटले. पंडितांचा मुख्य आक्षेप हाच, की ही विनोदी नाट्यकृती नसून फार्स आहे, आणि लिहिणारा कवी नसून फार्सवाला आहे. बुर्गोन्यच्या एका नटाने तर त्याने स्वतःच्याच मुलीशी लग्न लावल्याचा लेखी आरोप राजापुढे ठेवला. राजाने मोलिएरला १००० लिव्रचे वार्षिक मानधन दिले, आणि फेब्रुवारी १६६४मध्ये मोलिएरच्या पहिल्या मुलाचे धर्मपितृत्व स्वतःकडे घेऊन आरोप करणाऱ्यांची तोंडे बंद केली. ते मूल वर्षभरही जगले नाही.

१२ मे १६६४ रोजी व्हर्सायच्या उत्सवात ‘तार्त्युफ’चा पहिला अवतार सादर झाला. भोळ्या गृहस्थाच्या घरात ठाण मांडून त्याची मालमत्ता, मुलगी आणि बायको यांवर डोळा ठेवणारा ढोंगी भक्त हा त्याचा विषय. नवऱ्याचे डोळे उघडावेत म्हणून बायको त्याला टेबलाखाली लपवते आणि भक्तमहाराजांना खोलीत बोलावते. टेबलाखालचा नवरा ही फार्समधील सर्वांत जुनी, सर्वांत स्वस्त युक्ती. मोलिएरने ती धर्माच्या नावाखाली चालणाऱ्या लबाडीवर रोखली, तेव्हा हसणे महाग पडले. पॅरिसमधील एका धर्मगुरूने त्याला जिवंत जाळण्याची मागणी केली. बंदी आली. १६६७मध्ये बदललेल्या नावाने एकच प्रयोग झाला आणि पुन्हा बंदी. फेब्रुवारी १६६९मध्ये अखेर परवानगी मिळाली, आणि लोकांनी नाट्यगृहाची दारे मोडायची बाकी ठेवली. पाच वर्षे एका नाटकासाठी अर्ज, विनवण्या आणि खासगी वाचने करत बसणारा माणूस केवळ गल्ल्यावर डोळा ठेवून लिहीत होता, असे म्हणणे कठीण आहे.

या पाच वर्षांत मंडळीतील नटांची पोटे चालवायची होतीच. १६६६च्या जूनमध्ये ‘मिझांत्रोप’ आले. समाजाच्या खोटेपणाला विटलेल्या माणसाचे हे नाटक, आणि त्यात ना मार आहे ना पळापळ. जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतले. ऑगस्टमध्ये ‘मेद्सँ माल्ग्रे ल्यी’ आले. यात बायकोला मारणाऱ्या लाकूडतोड्यावर ती सूड उगवते: हा थोर वैद्य आहे, पण चोप दिल्याशिवाय कबूल होत नाही, अशी आवई ती उठवते. हरि नारायण आपट्यांनी मराठीत आणताना त्याला ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे नाव दिले, मुळापेक्षाही ठसकेबाज. गंभीर नाटक पडत होते म्हणून हा फार्स घाईघाईने लिहिला, अशी दंतकथा आहे. मंडळीतील ला ग्रांज या नटाने ठेवलेल्या नोंदवहीतील जमाखर्च ती जशीच्या तशी मान्य करू देत नाही. दोन्ही नाटके एकाच माणसाला एकाच उन्हाळ्यात हवी होती, इतकेच त्यातून दिसते.

१६६८मध्ये त्याने परगण्यांतला तो पीठ फासलेला नवरा पुन्हा बाहेर काढला आणि ‘जॉर्ज दांदँ’ लिहिले. श्रीमंत शेतकरी खानदानाच्या हौसेपायी सरदाराची मुलगी करतो, आणि प्रत्येक वेळी बायकोचा खोटेपणा पकडूनही दोषी तोच ठरतो, आणि शेवटी गुडघे टेकून माफीही त्यालाच मागावी लागते. प्रसंग तोच, हसण्याची जागाही तीच. पण शेवटी गुडघे टेकणारा माणूस पाहताना प्रेक्षकाचे हसू घशात अडकते. फार्स म्हणजे निरर्थक धिंगाणा, असे मानणाऱ्यांनी हे नाटक वाचावे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आलेला ‘लाव्हार’मधील कंजूष आचार्य अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मुळे मराठी घराघरांत पोहोचला. पॅरिसमध्ये मात्र त्याचे स्वागत थंडच झाले.

आणि मग ‘स्कापँ’. मे १६७१. तब्येत ढासळलेली, छातीचे दुखणे जुने झालेले, प्रतिष्ठेची कमतरता नाही, अशा वेळी ४९ वर्षांच्या मोलिएरने एका म्हाताऱ्याला पोत्यात घालून बडवणाऱ्या नोकराचे नाटक लिहिले आणि तो नोकर स्वतः रंगविला. हे त्याच्या मित्रांनाही खपले नाही. समीक्षक बोआलो हा त्याचा स्नेही आणि चाहता. मोलिएरच्या निधनानंतर, १६७४मध्ये, आपल्या काव्यशास्त्राच्या पद्यग्रंथात त्याने हे पोते मोलिएरच्या पदरात घातले. ‘मिझांत्रोप’ लिहिणारा माणूस या पोत्यात आपल्याला ओळखू येत नाही, असा त्याचा सूर. प्रामाणिक मत आहे, आणि ते चुकीचे आहे. पुलावरच्या ताबारँकडून घेतलेली ही पोत्याची युक्ती मोलिएर चुकून उचलत नव्हता. लहानपणीच्या पॅरिसने फेकून दिलेली वस्तू तो उतारवयात जाणूनबुजून घरी आणत होता.

१७ फेब्रुवारी १६७२ रोजी मादलेन वारली. तीस वर्षांची सोबत संपली. बरोबर एका वर्षाने, १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, पाले-रोयालमध्ये ‘मालाद इमाजिनेर’चा चौथा प्रयोग होता. सगळे काही ठीक असताना स्वतःला आजारी समजणारा आर्गां त्याचा नायक. भूमिका मोलिएरची. वैद्यांची बिले, बस्ती, रेचके, भोंदू लॅटिन असा सगळा ऐवज त्याने या शेवटच्या नाटकात रचला होता. त्या दुपारी त्याची अवस्था पाहून आर्मांदने आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या बारों या तरुण नटाने खेळ रद्द करण्याची गळ घातली. रोजंदारीवरच्या कामगारांचे पैसे बुडतील म्हणून त्याने नकार दिला, असे ग्रिमारेस्त लिहितो. रोगी नसलेल्या रोग्याचे काम खराखुरा रोगी करत होता. शेवटच्या प्रवेशात आर्गांला वैद्यकीची पदवी देण्याचा थट्टेचा समारंभ असतो. त्यातील शपथ घेताना मोलिएरला आचका आला आणि त्याने तो हसण्यात दडविला. प्रेक्षकांनी तेही नाटक समजून घेतले.

तो रंगमंचावर वारला, ही समजूत चुकीची आहे. त्याला रिशल्य रस्त्यावरील घरी नेण्यात आले. खोकल्याची उबळ आली, रक्त पडले, आणि रात्री दहाच्या सुमारास तो गेला. त्या वेळी त्याच्या घरी मुक्कामाला असलेल्या दोन जोगिणी जवळ होत्या. धर्मगुरूंसाठी माणसे धावली होती. सँत-उस्ताशच्या दोघांनी येण्यास नकार दिला, तिसरा पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. नटाने मृत्यूपूर्वी धर्मगुरूसमोर आपला पेशा सोडल्याचे कबूल केले नाही, तर त्याला ख्रिस्ती दफन नाही, असा पॅरिसच्या चर्चचा नियम. राजांसमोर पंधरा वर्षे नाचलेल्या माणसाला पुरायला जागा नव्हती.

आर्मांदने आर्चबिशपकडे अर्ज केला, राजाच्या पायाशी गेली. राजाने शब्द टाकला. मग जे झाले त्याला आजची मराठी वृत्तपत्रे कोणता शब्द वापरतील, हे सांगायला नको. आर्चबिशपने नियम मोडला नाही आणि राजालाही दुखावले नाही. दफनाला परवानगी, पण दिवसाउजेडी नाही, दोनच धर्मगुरू, कोणत्याही चर्चमध्ये प्रार्थनाविधी नाही. २१ फेब्रुवारीला रात्री नऊच्या सुमारास अंत्ययात्रा निघाली. मशालींच्या उजेडात मोठा जमाव सँ-जोझेफ दफनभूमीकडे चालला. लाकडी शवपेटिकेवर गादी-पडद्यांच्या कारागिरांच्या संघाचे आच्छादन होते. चर्चच्या दफन-नोंदीत मृताचा व्यवसाय लिहिला आहे: राजवाड्यातील सजावटकार आणि राजाचा खासगी सेवक. नट, नाटककार, मंडळीप्रमुख यांपैकी एकही शब्द त्या ओळीत नाही.

पाले-रोयालचे नाट्यगृह तीन दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, ‘मिझांत्रोप’ने पुन्हा उघडले. ३ मार्चला ‘मालाद इमाजिनेर’ लागले. आर्गांची भूमिका ला तोरिलिएर या नटाने केली. आर्गांची म्हणून सांगितली जाणारी, हातांची, चामड्याने मढविलेली, झिजलेली खुर्ची पॅरिसच्या कोमेदी-फ्राँसेजमध्ये जपून ठेवलेली आहे.